लो केलेल्या गाडीला ट्रॉली जॅक घेताय? टन नंतर विचारा, आधी मिलिमीटर मोजा

गाडी लो केली, म्हणजे सस्पेंशन बदलून जमिनीजवळ आणली, की पहिला आठवडा मस्त जातो, कोल्हापुरात रंकाळ्यावर एक चक्कर मारली की पोरं मोबाईल काढतात, कोण म्हणतंय नाद खुळा, कोण विचारतंय स्पीड ब्रेकरवर काय करतोस, आणि मग कधीतरी पहिल्यांदा चाक काढायची वेळ येते तेव्हा कळतंय की घरातला जॅक गाडीखाली जातच नाही. माझं अगदी तेच झालं. पोलो जीटी टीएसआय, कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारं सस्पेंशन) टाकून ४० मिमी खाली घेतलेली, साइड स्कर्ट, म्हणजे दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, लावलेले, आणि जॅक म्हणजे ऑनलाइन साडेतीन हजाराला घेतलेला लाल २ टनी ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा, हँडल मारून तेलाच्या दाबानं उचलणारा. बॉक्सवर २ टन हे तळहाताएवढ्या अक्षरात आणि कमीत कमी उंची १३५ मिमी हे मुंगीएवढ्या अक्षरात. स्कर्टची खालची कड जमिनीपासनं ११८. आता १३५ ची वस्तू ११८ खालनं कशी जाणार.

मग डोकं चालवलं. स्वयंपाकघरातनं आईचा जेवायला बसायचा सागवानी पाट आणला, पुढच्या चाकासमोर ठेवला, गाडी हळूच वर घेतली. पाटाला खालनं दोन पट्ट्या असतात आणि मध्ये सगळी पोकळी, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. चाक बरोबर मध्यावर आलं, फाटकन आवाज आला आणि पाट उभा चिरला. आई अजून पाहुण्यांना सांगते. तर पाट वाचवायचा असेल तर पुढचं वाचा.

पहिलं काम दुकानात जायचं नाही, गाडीखाली वाकायचं. एक मेझर टेप आणि सुताराकडचा गुण्या घ्या, गुण्या जमिनीवर उभा धरला की उंची सरळ वाचता येते, नाहीतर टेप तिरका होतो आणि ५-७ मिमीची चूक सहज होते, आणि इथं तेवढ्यावरच सगळा खेळ आहे. गाडी सपाट जागेवर लावायची, टायरची हवा नीट, डिकी रिकामी. मग तीन उंच्या लिहून घ्यायच्या. जॅक लावायच्या जागेची उंची, म्हणजे बहुतेक गाड्यांना चाकाच्या मागे दाराखाली जी पत्र्याची उभी कड असते, जिला पिंच वेल्ड म्हणतात, ती जमिनीपासनं किती. दुसरी, तिथपर्यंत जाताना वाटेत सगळ्यात खाली काय लटकतंय, स्कर्ट, लिप (बंपरखालची जादा पट्टी), अंडरबॉडीचं प्लास्टिक, त्याची उंची. आणि तिसरी, पुढच्या बंपरच्या खालच्या कडेची. माझे आकडे १४२, ११८ आणि १२१.

आता यातला छुपा भाग ऐका. जॅक तुम्ही कधी लावणार? बऱ्याच वेळा टायर पंक्चर असताना. टायर बसला की गाडी अजून खाली येते. माझा टायर २०५/४५ आर १७, म्हणजे साइडवॉल २०५ च्या ४५ टक्के, ९२ मिमी. हवा गेली की रिम दुमडलेल्या रबरावर टेकतो. घरी मुद्दाम व्हॉल्व्ह काढून हवा सोडून मोजलं, त्या कोपऱ्याची कड १४२ वरनं ९२ वर आली, ५ सेंटिमीटर गेले. म्हणून जॅक निवडताना चांगल्या दिवसाचा आकडा धरू नका, वाईट दिवसाचा धरा. ज्यांना टायरची हवा सोडायची हौस नाही त्यांनी सरळ ५०-६० मिमी वजा करून चालावं. अर्थात टायर ट्यूबलेस असेल आणि खिळा ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, असेल तर चाक न काढताच भोकात रबराची स्ट्रिप घालून, पंप लावून काम होतंय, आणि रस्त्यावर तेच करा, गगनबावड्याच्या वाटेवर पावसात ट्रॉली जॅक कोण काढत बसणार.

बाजारात साधे ट्रॉली जॅक १३०-१४० मिमीपासनं सुरू होतात. लो प्रोफाइल म्हणून जे विकतात ते ७५ ते ९० च्या आसपास. ऑनलाइन बघताना दोन गोष्टी सांभाळा. एक, आकडा इंचात असतो, साडेतीन इंच म्हणजे ८९ मिमी, चार इंच म्हणजे १०२, मनातल्या मनात गोल करू नका. दुसरं, नावात लो प्रोफाइल लिहिलेलं असतंय आणि खाली तक्त्यात १३० लिहिलेलं असतंय, असे महाभाग पण आहेत.

लो जॅक महाग का, हा प्रश्न मला पण पडायचा, पातळ तर केलाय, लोखंड कमी लागलं की. पण तसं नाही. जॅकच्या आत छोटा पंप तेल ढकलतो, ते तेल मोठ्या पिस्टनला ढकलतं आणि पिस्टन वरच्या आर्मला उचलतो. आर्म जेव्हा जवळजवळ आडवा झोपलेला असतो तेव्हा पिस्टनचा धक्का जास्त करून पुढच्या दिशेला जातो, वर उचलायला थोडाच उरतो. झोपलेल्या माणसाला हाताला धरून उठवायला पहिला झटकाच जास्त लागतो ना, तसं. लो जॅकचा आर्म अजून आडवा, म्हणजे त्या पहिल्या दोन इंचासाठी त्याचं सगळंच दणकट लागतंय, बिजागरीच्या पिनपासनं वेल्डिंगपर्यंत. म्हणून फार स्वस्त लो जॅक दिसला की मला आनंद व्हायच्या ऐवजी शंका येते.

आता जी गोष्ट मला जॅक घेताना कुणीच सांगितली नाही ती. फक्त वाटीची, म्हणजे गाडी जिच्यावर टेकते त्या सॅडलची उंची बघून भागत नाही, मागच्या अंगाची उंची आणि जॅकची लांबी पण बघावी लागते. जॅकचं तोंड ८० मिमीचं असलं तरी मागे जिथं पंप आणि हँडलची खोबण असते तिथं तो १५० च्या वर सहज असतो. दाराखालच्या कडेला लावायचं असेल तर काही अडत नाही, वाटी बोटभर आत जाते, मागची ही ढेरी बाहेर. पण पुढनं मधोमध क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीच्या तळातल्या आडव्या दणकट पट्टीला, लावायचं असेल, जे दोन्ही बाजूला स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी आधार, लावायला सगळ्यात सोयीचं, तर बंपरपासनं ती जागा ७०-८० सेंटिमीटर आत असते. छोटा जॅक अख्खा बंपरखाली गेल्याशिवाय वाटी तिथं पोचत नाही, आणि ढेरी १२१ च्या बंपरखालनं जात नाही. गेली तरी हँडल मारायला जागा नाही, दर दांड्याला लिपवर ठोका. त्यामुळं दुकानात वाटीच्या मध्यापासनं ढेरी सुरू होते तिथपर्यंत टेप लावा. लांब चेसिसचे जॅक याच्यासाठीच मिळतात. नाहीतर मग फळ्या, त्यावर खाली सांगतो.

कमीत कमी उंचीच्या नादात जास्तीत जास्त उंची विसरायची नाही. काही पातळ जॅक ८० ला सुरू होतात आणि ३०० च्या आसपास संपतात. जॅक स्टँड, ज्याला गॅरेजवाले घोडी म्हणतात, ती ३ टनी असली तर सगळ्यात खालच्या खाचेत पण साधारण २८० मिमी उंच असते. म्हणजे गाडीची कड तुम्हाला २८० च्या वर न्यायची आहे, घोडी आत सरकवायला बोटभर जागा पाहिजे, आणि पुढनं मधोमध उचललं तर क्रॉसमेंबर जेवढा वर जातो त्यापेक्षा दाराखालची कड थोडी कमी वर जाते, कारण गाडी मागच्या चाकांवर तिरकी होते. ३०० चा जॅक इथं धापा टाकतो. माझं मत, ८० ते ३८० किंवा त्यापेक्षा जास्त अशी रेंज बघा. एक दिलासा आहे, कॉइलओव्हर टाकलेल्या गाडीचं सस्पेंशन काही वेळा लोंबायला कमी जागा ठेवतं, तसं असलं आणि नुसतं चाकच काढायचं असेल तर टायर जमीन लवकर सोडतो.

टनाचं बोलू, थोडक्यात. पोलोसारखी गाडी ११०० किलोच्या आसपास, पुढनं चालणारी गाडी म्हणून साठ टक्क्यांच्या वर वजन पुढं, म्हणजे अख्खं तोंड उचललं तरी ७०० किलो. दीड टनी जॅक पण उचलतो. मस्टँग असेल तर गाडी १७०० किलोच्या पुढं, तिथं २ किंवा अडीच टनी घ्या म्हणजे त्याच्यावर ताण येत नाही. ३ टनी स्टीलचा लो जॅक घेणाऱ्यांनी त्याचं स्वतःचं वजन बघावं, ३५ किलो किंवा त्याहून जास्त पण असू शकतो, पार्किंग खाली आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल तर तो जॅक महिनाभरात शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये राहायला जातो. ॲल्युमिनियमचा दीड टनी १५ किलोच्या आसपास, ट्रॅकवर न्यायचा असेल तर हाच. आपल्याकडं रेसिंगचं वेड नवीन नाही, कृष्णराज महाडिक कोल्हापूरचाच, ब्रिटिश फॉर्म्युला ३ शर्यतींपर्यंत जाऊन आला, त्यामुळं कार्टिंगला जाणाऱ्या एखाद्या पोराकडं असा हलका जॅक बघायला मिळू शकतो, घ्यायच्या आधी हाताळून बघा. आपल्या जुलैच्या पावसात स्टीलच्या जॅकला गंज पण पटकन धरतो, ॲल्युमिनियमला तो त्रास कमी. पण ॲल्युमिनियमवर पैसे घालायचे आणि स्टँड घ्यायला पैसे नाहीत म्हणायचं, हे करू नका. तसं असेल तर स्टीलचा जॅक आणि चांगल्या दोन घोड्या.

आता रबर पॅड. जॅकची लोखंडी वाटी पत्र्याच्या कडेला सरळ लावली की कड दुमडते, रंग जातो, तिथनं गंज सुरू. खाच असलेला रबर पॅड पाहिजे, कड खाचेत बसते आणि वजन दोन्ही बाजूच्या सपाट पत्र्यावर येतं. ऑनलाइन मिळतात पण माझ्या वाटीच्या मापाचा मिळेना म्हणून उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांकडं गेलो. त्यांच्याकडं पीयूचा जाड दांडा पडलेला होता, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, साध्या रबरापेक्षा कडक. मी म्हटलं मामा, खाच १० मिमीची. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं, म्हणाले तीन सूत कर की, मिलिमीटर कशाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत म्हणजे साडेनऊ मिमी. मशीन चालू, पिवळ्या रंगाची लांब लांब कुरळी किस निघून पायाशी ढीग झाला, दहा मिनिटात चकती तयार. मग त्यांनीच विचारलं, ह्याची जाडी जॅकच्या उंचीत धरलीस का? धरली नव्हती. ८० च्या जॅकवर २५ चा पॅड म्हणजे १०५, पंक्चरच्या दिवशी कड ९२ वर, घ्या. मग त्यांनी डोकं लावलं, जॅकची लोखंडी वाटी वर उचलली की निघते, खाली भोक असतं, त्या भोकात बसेल असा खुंट पॅडला खालनं काढून दिला. वाटीच काढून तिथं पॅड बसतो, वाटीची जाडी वाचली. १२-१३ मिमी परत मिळाले. जॅक घेताना वाटी निघते का हे म्हणून बघा, काहींची वेल्ड केलेली असते.

तरी पण माझ्या गाडीला पंक्चरच्या दिवशी कडेखाली एकदोन मिमीची मारामारी आहेच, आणि स्कर्ट तर त्या दिवशी जॅकच्या तोंडापेक्षाही खाली येतो, म्हणून फळ्या. वखारीतनं दोन इंच जाड, दहा इंच रुंद, दोन फुटी बाभळीच्या किंवा कुठल्याही कडक लाकडाच्या दोन फळ्या कापून घ्या, एका टोकाला रंद्यानं किंवा कटरनं उतार काढा म्हणजे बंपर घासत नाही. फळी सगळीकडनं जमिनीला टेकलेली पाहिजे, पाटासारखी पोकळ नको, हा धडा मी आईच्या पाटाचे पैसे देऊन शिकलोय. गाडी फळीवर चढवली की ५० मिमी फुकटात मिळतात, बंपरखालनं जॅकची ढेरी पण जाते. बसलेल्या टायरवर पण एवढं एक फूट अगदी हळू गाडी सरकवली तर चालतं.

जमीन कशी आहे हे पण बघा, जॅक उचलताना वाटी सरळ वर जात नाही, गोलाईत मागं येते, त्यामुळं जॅकची चाकं थोडी पुढं फिरलीच पाहिजेत. फिरली नाहीत तर वाटी कडेवरनं घसरते किंवा गाडी ओढली जाते. कोबा असेल तर उत्तम. शहाबादी फरशीवर लोखंडी चाकं एका जागी भार देतात, फरशी खालनं पोकळ असली की तडा. पेव्हर ब्लॉकच्या फटीत छोटी चाकं अडकतात. दोन्हीवर १८ मिमीचा प्लायवूड टाका, पण मग जॅक १८ मिमी वर गेला हे गणितात धरा, किंवा गाडीची चाकं पण त्याच प्लायवर घ्या. मातीवर, चिखलात, गवतावर उचलायचंच नाही.

दुकानात, शाहूपुरी उद्यमनगर भागात टूल्सची दुकानं आहेत, तिथं हात लावून बघता येतंय हाच फायदा. लाजू नका. टेप लावून खालची उंची स्वतः मोजा, बॉक्सवरचा आकडा आणि टेपचा आकडा यात फरक निघू शकतो. हँडल मारून आर्म पूर्ण वर घ्या, हातानं आडवा हलवा, खडखड हलला तर नको. ड्युअल पंपचा, म्हणजे आत दोन पंप असलेला, असेल तर रिकामा जॅक चारपाच दांड्यात वर येतो, ही चैन नाही, वाकून बसून मारायला लागतंय तेव्हा किंमत कळते. हँडल फिरवून सोडताना तो थोडं थोडं खाली येतोय की एकदम धप्पकन, हे वजन ठेवून बघायला मिळालं तर सगळ्यात चांगलं, दुकानदार स्वतःची गाडी देईल असं नाही पण विचारायला काय जातंय. बॉडीवर ईएन १४९४ असा शिक्का दिसला तर तो अशा जॅकसाठीचा युरोपचा स्टँडर्ड आहे, जमेची बाजू. आणि प्लास्टिकच्या टोपीखाली जो ओव्हरलोडचा स्क्रू असतो तो कुणी जास्त ताकद येईल म्हणून फिरवून देत असेल तर तिथनं निघा.

घरी आणल्यावर पहिल्यांदा हवा काढायची. व्हॉल्व्ह सैल करून हँडल १०-१५ वेळा मारा, मग व्हॉल्व्ह घट्ट करून वर जातोय का बघा, वाटेत आत हवा शिरलेली असते, तीच जॅक स्पंजासारखा लागण्याचं कारण. मग गाडी उचला, कडेची उंची टेपनं मोजा, चहा पिऊन या, परत मोजा. २-३ मिमी उतरली असेल तर नजर ठेवा, बोटभर उतरली असेल तर बिल घेऊन दुकानात.

आणि उचलताना उटी, म्हणजे चाक सरकू नये म्हणून लावायचा अडसर. उसाच्या ट्रॉलीवाले उतारावर चाकाला दगडाची उटी लावल्याशिवाय खाली उतरत नाहीत, आणि आपण लाखांची गाडी नुसत्या हँडब्रेकवर ठेवतो. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, मागची बाजू उचलली की तो हवेत, म्हणून मागनं उचलताना पुढच्या चाकांना उटी हवीच. वीट नको, विटेचा चुरा होतो, लाकडाची पाचर किंवा धारेचा दगड. जॅक फक्त उचलण्यासाठी, गाडी उभी राहायची ती घोडीवर. आतला एक छोटा सील गेला की तेल परत जातं आणि गाडी खाली येते, तो सील आधी सांगून जात नाही. घोडी शक्यतो आरपार पिन जाणारी घ्या, २०२० साली अमेरिकेत दात्यांवर अडकणाऱ्या लाखो घोड्या परत मागवायला लागल्या होत्या, दात्यातनं खटका सुटत होता म्हणून. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायचं, त्याला पैसे पडत नाहीत. जॅक लावायची जागा गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट असते, इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरला वाटी लावून ऑइल सांडणारे मी दोन बघितलेत, दोघंही मेकॅनिक होते.

ठेवताना जॅक पूर्ण खाली करून ठेवा म्हणजे पिस्टनचा चकचकीत दांडा आत राहतो आणि त्याला गंज धरत नाही. तेल कमी झालं तर हायड्रॉलिक जॅकचंच तेल, ब्रेक ऑइल अजिबात नाही, त्यानं सील फुगून खराब होतात. पावसाळ्याआधी चाकांच्या एक्सलला आणि आर्मच्या पिनेला ग्रीस. माझा जॅक जिन्याखाली असतो, खाली चिरलेल्या पाटाचा अर्धा भाग, म्हणजे फरशीची ओल लागत नाही.